वैशाखांत न मरणारी बाग

पर्जन्यमानाचें कोष्टक समोर ठेवलें, तर चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांस कोणी दुष्काळी म्हणणार नाहीं. चंद्रपुरास वर्षाकाठीं सुमारें १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वैनगंगा ओलांडून पूर्वेस गडचिरोलीकडे गेलें म्हणजे तो याहूनहि अधिक असतो. पुण्याच्या पावसाच्या दीडपटीहून हें माप मोठें आहे. असें असतां चंद्रपुरांतील एखाद्या सुशिक्षित घराच्या अंगणांत वैशाखांत डोकावून पाहावें, तों गुलाबाचे दांडे वाळून कोळ झालेले, क्रोटनचीं पानें कडेनें भाजलेलीं, आणि हौसेनें विकत आणून अंथरलेली हिरवळ गोणपाटाच्या रंगाची झालेली, असा देखावा दृष्टीस पडतो.

याचें कारण पावसाच्या बेरजेंत नसून त्याच्या वांटणींत आहे. मृगापासून हस्तापर्यंत जवळजवळ सगळा पाऊस येऊन जातो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडें राहतें. त्यांतहि शेवटचे तीन महिने असे कीं, पारा पंचेचाळीस अंशांवर गेला तरी त्याची कोणी वार्ता करीत नाहीं. तो सत्तेचाळिसाच्या पुढें सरकला म्हणजे मात्र देशांतील अत्यंत उष्ण शहरांच्या यादींत चंद्रपुराचें नांव छापून येतें. दुष्काळ येथें दरसाल ठरल्या तिथीस येतो. जी बाग त्याची तिथि ओळखून वागत नाहीं, तिला माणसानें हातानें पाणी पाजून जगवावें लागतें.

आणि हें पाणी पाजणारें माणूस कोण, हा प्रश्न आमच्या कुटुंबांतून सहसा विचारला जात नाहीं. घरांत आठ-दहा माणसें असलीं तरी बागेची हौस बहुधा एकाची असते आणि बादली दुसऱ्याच्या हातीं असते. हौशी गृहस्थ सकाळीं आरामखुर्चीवर बसून गुलाबाच्या कळ्या मोजतात. नळ आला कीं नाहीं याचा कानोसा घेऊन पिंप भरणें, स्वयंपाकाचें पाणी निराळें काढणें आणि उरलें तर कुंड्यांना घालणें, हें सुनांच्या आणि लेकींच्या वांट्यास येतें. चंद्रपूर शहरास पाणी येतें तें इरई धरणांतून, आणि तेथील महाऔष्णिक विद्युत् केंद्राचा भारहि त्याच धरणावर आहे. अशा ठिकाणीं चैत्र-वैशाखांत क्रोटनसाठीं बादल्या वाहणें हें रसिकतेचें लक्षण आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. बाग नको असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्या रानाच्या कुशींत हे दोन जिल्हे वसले आहेत, त्या रानाला कोण पाणी घालतें, एवढेंच आम्ही विचारतों.

रान उन्हाळा काढतें त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पानांतून पाणी उडून जातें, हें आम्ही वर्गांत मुलांना शिकवीत असूं. येथील वृक्ष हा धडा न शिकवितांच जाणतात, आणि पाण्याची आवक थांबली कीं खर्चाचें दारच बंद करतात. माघ-फाल्गुनांत मोह, पळस, ऐन, धावडा हे आपापल्या वेळेनुसार पानें टाकूं लागतात. नवख्या माणसास वाटतें कीं, जंगल मेलें. परंतु त्याच निष्पर्ण अवस्थेंत पळस पेटल्यासारखा फुलतो, मोह रात्रीं फुलून पहांटे आपली फुलें खालीं टाकतो, आणि पुढें बहावा ऐन उन्हांत पिवळे घोस सोडतो. मुळें खोल गेलेलीं असल्यामुळें वरच्या दोन हातांतली माती कोरडी झाली तरी खालचा ओलावा त्यांना मिळतो.

याहून नवलाची गोष्ट रोपांची आहे, आणि घरीं झाडें लावणारांनीं ती विशेष ध्यानांत घ्यावी. पळस, तेंदू, बिजा यांचें लहान रोप पहिल्या उन्हाळ्यांत पुष्कळदां जमिनीच्या वरचें अंग पार टाकून देतें. वर काडी वाळते. खालीं मूळ जिवंत राहतें आणि जाड होतें. पावसाळा आला कीं नवा कोंब फुटतो, पुन्हां उन्हाळ्यांत वाळतो, पुन्हां फुटतो. असा क्रम कित्येक वर्षें चालून मूळ पुरतें बळकट झालें, म्हणजे एके वर्षीं जो कोंब वर येतो तो मग थांबत नाहीं. आतां आमच्या घरांतून काय होतें? पाडव्याच्या साफसफाईंत काडी वाळलेली दिसते, कोणीतरी "मेलें वाटतें" म्हणून उपटून टाकतो, आणि येथें रानटी झाडें जगत नाहींत असा सिद्धांत पानसुपारीच्या वेळीं मांडला जातो. शतावरीचीहि तीच गत. तिचा वेल वाळला तरी जमिनीखालीं पाणी सांठविलेल्या मुळ्यांचा झुबका असतो. म्हणून अशा प्रत्येक रोपाशेजारीं एक बांबूची खूण रोवावी आणि आर्द्रा नक्षत्र निघेपर्यंत तेथें कुदळ लावूं नये, असा घरांत दंडकच असावा.

झाडीपट्टींत घरामागच्या मोकळ्या जागेस सांदवाडी म्हणतात. शहरांतील नव्या वस्त्यांतून तिचा आकार आक्रसत चालला असला, तरी दहा-बारा हात जागा बहुतेकांकडे असते; तेवढ्यांतहि पुष्कळ करतां येतें. पारिजातकापासून आरंभ करावा. हा वृक्ष इंद्राच्या नंदनवनांतून सत्यभामेसाठीं आणिला गेला, अशी पुराणांची साक्ष आहे; तथापि मध्य भारतांतील खडकाळ, कोरड्या उतारांवर तो आपला आपण उगवतो, ही साक्ष कोणासहि डोळ्यांनीं पाहतां येईल. स्वर्गीय म्हणून त्याचे फार लाड करूं नयेत. पाणी सांचणाऱ्या जागीं तो कुजतो, आणि मुरमाड बांधावर सुखानें राहतो. उन्हाळ्यांत पानें टाकील तर टाकूं द्यावीं. श्रावणानंतर देवपूजेला पुरून उरतील इतकीं फुलें तो अंगणांत घालतो.

अडुळसा आणि निर्गुडी यांना तर कुंपणच सोंपवावें. दोहोंचीं पानें कडू व उग्र असल्यानें मोकाट गुरें आणि बकऱ्या त्यांना सहसा तोंड लावीत नाहींत, आणि ज्या गांवांत बकरी आहे त्या गांवांत हा गुण सौंदर्याहून मोठा समजावा. दोन्ही फांदीपासून येतात. अडुळशाच्या पानांचा काढा खोकल्यावर आमच्या आज्यांच्या काळापासून चालत आला आहे. निर्गुडीचा पाला धान्याच्या कणगींत घातला असतां किडे दूर राहतात. कुंपणाच्या आंतल्या अंगास पिवळी कोरांटी लावावी. तिला कांटे आहेत खरे, पण तिची पाण्याची मागणी जवळजवळ नाहींच. अबोलीला मात्र थोडें पाणी आणि अर्धी सावली लागते. ती मोरीच्या पाण्याच्या वाटेवर ठेवावी. गुळवेल कडुनिंबावर चढवावी. या वेलीस संस्कृतांत 'छिन्नरुहा' असें नांव आहे. तोडली तरी वाढणारी, असा त्याचा अर्थ. आणि तें नांव ठेवणाऱ्यानें वेल तोडून पाहिली होती यांत शंका नाहीं, कारण खालून कापलेली गुळवेल वरून दोऱ्यासारखीं मुळें सोडून पुन्हां जमीन गांठते.

कुड्याविषयीं थोडें अधिक लिहिलें, तर वाचक आमच्या जुन्या धंद्याकडे पाहून क्षमा करतील. मेघदूतांतील यक्ष आषाढाच्या आरंभीं मेघाला अर्घ्य देतो, तें ताज्या कुटजाच्या फुलांचें. आम्हीं हा श्लोक कित्येक वर्षें शिकविला, आणि कमळ, मालती अशा मानकरी फुलांना डावलून कवीनें हें रानफूल कां निवडलें, असें मुलें विचारीत. जी भूमि परंपरेनें रामगिरि समजली जाते, तें रामटेक विदर्भांतलेंच. त्या बाजूच्या टेकड्यांवर ग्रीष्म संपतां संपतां पांढऱ्या फुलांनीं भरलेला कुडा पाहिला, म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. यक्षानें हाताशीं होतें तें फूल उचललें. हें लहानसें झाड अंगणांत दीड-दोन पुरुष उंचीचें सहज राखतां येतें, आणि गुलाब कोळ झालेला असतां हें सुगंध देत असतें.

आतां मोह. सांदवाडी मोठी असेल, पांच-सहा गुंठे असेल, तर मोहाचें एक झाड असावेंच, असें आमचें मत आहे. आणि तें सांगतांक्षणींच आमच्या वर्गांतील कुटुंबांतून नाकें मुरडलीं जातील, हेंहि आम्हांस ठाऊक आहे. मोह म्हटला कीं दारू, हें समीकरण मनांत पक्कें बसलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्या मागें ज्यांचीं घरें बसलीं त्या बायांचे कष्ट आहेत. ती गोष्ट आम्ही हलकी लेखीत नाहीं. परंतु द्राक्षाचीहि दारू होते म्हणून द्राक्षाच्या वेलीस कोणी दोष देत नाहीं. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत स्वयंवरमंडपांत फिरणाऱ्या इंदुमतीच्या अंगावर दूर्वांनीं गुंफलेली मधूकाची माळ कालिदासानें वर्णिली आहे. मधूक म्हणजे आमचा मोह. आणि इंदुमती कोण, तर विदर्भाची राजकन्या, भोजाची बहीण! आपल्याच माहेरचें फूल तिनें वरमाळेच्या दिवशीं घातलें होतें, आणि आम्हीं मात्र त्याला अंगणाबाहेर काढलें. वाळविलेलीं मोहफुलें गूळ-साखरेच्या अंगचीं गोड असतात. रानाकडचीं कुटुंबें तीं भाजून, शिजवून, पिठांत मळून खातात. बियांचें तेल निघतें. झाडाची सावली तर इतकी दाट कीं, वैशाखाच्या दुपारीं खाट टाकण्यास दुसरी जागा शोधावी लागूं नये. पालवी चैत्रांतच फुटत असल्यानें ऊन वाढेल तशी सावली वाढते.

मोह घराजवळ असण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें काव्याचें नव्हे. मोहफुलें पहांटे पडतात. तीं वेंचण्यास रानाकडेच्या गांवांतील स्त्रिया उजाडण्याआधीं निघतात. वांकून वेंचणाऱ्या माणसावर वाघानें झडप घातल्याच्या, अस्वलानें फाडल्याच्या वार्ता या भागांतून दर उन्हाळ्यास येतात. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूचीं पानें तोडण्यास गेलेल्या तीन बाया एकाच दिवशीं वाघिणीच्या हल्ल्यांत दगावल्या. शिवाय खालीं पडलेलीं फुलें नीट दिसावींत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे. ती आग पसरते आणि वर सांगितलेलीं कोंबाचीं रोपें तींत होरपळतात. फुलें व फळें दोन्ही माणसानें उचललीं, रोपें आगींत गेलीं, मग नवा मोह उगवावा कोठून? धुऱ्यावर जुने मोह उभे आहेत आणि त्यांच्या शेजारीं पोरवयाचा एकहि नाहीं, हें दृश्य आतां जागोजाग दिसतें. चारोळीच्या झाडाची दशा तर याहून वाईट आहे. बाजारांत भाव चढा, म्हणून फळ पिकण्याआधींच फांद्यांसकट ओरबाडलें जातें. कुमारसंभवांत ज्या प्रियालाच्या मोहोरानें हरणांचे डोळे भरून जातात, तो प्रियाल हाच. बासुंदीवर चारोळी पेरणाऱ्या आमच्या घरांपैकीं किती जणांनीं तिचें झाड पाहिलें असेल?

मात्र या झाडांच्या ओढीनें रानांत जाऊन रोपें उपटून आणूं नयेत. एक तर तीं जगत नाहींत, कारण वर वीतभर दिसणाऱ्या रोपाचें मूळ दोन-तीन हात खोल गेलेलें असतें आणि तें तुटतेंच. दुसरें असें कीं, रान बेवारशी नव्हे. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेव्हांपासून अशीं अनेक गांवें आपापल्या वनाची राखण करीत आहेत. बिया मागून आणाव्या, किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेंतून रोप घ्यावें.

स्वदेशी झाडांची गोष्ट काढली कीं, कांहीं मंडळी सोंवळें पाळावें तसा हिशेब मांडूं लागतात. तितकें कडक होण्याचें कारण नाहीं. दसऱ्याचा झेंडू अमेरिकेंतून आलेला आहे, पेरूहि तिकडचाच, आणि सीतेचें नांव धारण करणारें सीताफळसुद्धां. सदाफुली व गुलमोहर मादागास्करचे. सीताफळ येथील बरड जमिनींत एक थेंब न मागतां फळतें. तें काढून टाका असें कोण म्हणेल? आमचा आक्षेप आहे तो पाहुण्यासाठीं घरच्याला हांकलण्यावर. नव्या वसाहतींत भूखंड घेतला कीं तेथला उभा मोह किंवा पळस 'कचरा फार होतो' म्हणून आधीं तोडावा, आणि मग झटपट हिरवें दिसावें म्हणून कोनोकार्पसची रांग लावावी, हा क्रम सर्वत्र चालूं आहे. त्या झाडाच्या उपद्रवामुळें गुजरात सरकारनें २०२३ मध्यें त्याच्या लागवडीवर बंदी घातली. शहरी हद्दींत झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यानें परवानगी लागते, हें सांगूनहि उपयोग होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्याला कचरा म्हणतात तो पाला पडतो केव्हां? उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मुळांवर पांघरूण घालण्याची नेमकी गरज असते तेव्हां. विकतच्या हिरवळीचेंहि तसेंच. आपली हरळी, म्हणजेच गणपतीची दूर्वा, वैशाखांत वाळून तपकिरी होते आणि मृगाच्या दुसऱ्या सरीस हिरवी होते. दोन महिने तपकिरी रंग पाहण्याची तयारी ठेवली, तर पाण्याचा केवढा तरी खर्च वांचतो.

पाण्याची गरज मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. पहिलीं दोन वर्षें कोणत्याहि रोपास हात द्यावा लागतो. येथें रोज सायंकाळीं झारीनें शिंपडण्याची संवय घातक ठरते, कारण वरची बोटभर माती ओली राहिल्यानें मुळें वरच घुटमळतात आणि खालीं जाण्याचें विसरतात. आठवड्यांतून एकदां आळें भरून पाणी द्यावें, तें खोलवर मुरूं द्यावें, आणि दुसऱ्या उन्हाळ्यांत हेंच अंतर पंधरवड्यावर न्यावें. याहून उत्तम उपाय मडक्याचा. कच्च्या अंगाचें, न रंगविलेलें मडकें रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें आणि वर झांकण ठेवावें. माती कोरडी होईल तसतसें तें पाझरतें आणि ओली असेल तेव्हां थांबतें. चीन देशांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या शेतीविषयक लेखनांत ही युक्ति नमूद आहे. आपल्याकडेहि ती जुनी आहे. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. पाणी थंड करीनासा झालेला जुना माठ यासाठीं वापरण्याचा मोह काटकसरी घरांत होतो. पण माठ थंड करीनासा होतो तो क्षारांनीं त्याचीं छिद्रें बुजल्यामुळें. जो झिरपत नाहीं तो रोपास काय पाजणार? नवेंच मडकें घ्यावें. तीन-चार दिवसांनीं तें भरण्याचें काम घरांतील पुरुषांनीं आपल्याकडे घ्यावें, अशी आमची भीड न धरतां सूचना आहे.

आळ्यावर धानाची तणस किंवा झाडाचाच पाला चार बोटें जाड पसरावा. मात्र बरड जमिनींत वाळवी फार. म्हणून खोडाभोवतीं वीतभर जागा मोकळी ठेवावी.

मोहाचें बीं फार दिवस टिकत नाहीं. ज्येष्ठांत फळें पिकून पडूं लागलीं कीं ताजीं बियाणें घेऊन आठ-पंधरा दिवसांच्या आंत जागच्या जागीं टोकावींत. पिशवींत लावावयाचें तर पिशवी लांब असावी, नाहीं तर मूळ आंत वेटोळें घालून बसतें आणि झाड पुढें वाऱ्यानें आडवें होतें. बहाव्याच्या बीचें उलट आहे. तिचें कवच इतकें कठीण कीं, खरवडून व ऊन पाण्यांत रात्रभर ठेवून मग पेरावी लागते. मोहाचा खड्डा भिंतीपासून वीस हात तरी दूर असावा, वर विजेची तार नसावी, आणि पहिलीं दोन-तीन वर्षें बोराट्यांचें कुंपण बळकट ठेवावें, कारण कोंवळा मोह बकरीस फार आवडतो. फुलें दिसण्यास दहा-बारा वर्षें लागतील. तोंवर त्याच सांदवाडींत कुंपणावर पोपटाच्या शेंगांचा वेल कसा चढवावा, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.